खालचं घर वर येतं

बाप्तिस्मा तसा झकास झाला. डोक्यावर पाणी पडलं तरी बाळ रडलं नाही. उलट पाद्रीबाबांचं बोट घट्ट धरून बसलं आणि सोडेचना. तेव्हा व्हर्ना अख्ख्या चर्चला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कीपिंग घराण्याची पोर ती, पाण्याला कशाला भिईल!" सगळे हसले. सेलिना तेवढी हसली नाही. भावजयीकडे तिने असं काही पाहिलं की व्हर्नाने लगेच प्रार्थनेचं पुस्तक उघडून त्यात तोंड घातलं.

बाहेर पायऱ्यांवर वारा मी म्हणत होता. कालपासून आग्नेयेचा सुटला होता तो थांबायचं नाव नव्हतं. बोलायचं म्हटलं तर समोरच्याच्या कानाशी तोंड न्यावं लागत होतं. स्किनर्स कोव्ह गावातली निम्मी माणसं टोप्या धरून घराकडे पळाली. उरलेली निम्मी बंदराच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. तिथे खडकांवर लाटा फुटत होत्या आणि पाण्याचा पांढरा धुरळा दिव्याच्या खांबाहून उंच उडत होता. भरती दुपारची होती.

"आई, चल," ट्रीना म्हणाली. "जेवण गार होतंय."

"मी घरी जाते गं. रात्री झोप नाही झाली."

"माझ्याकडे झोप. पलंग आहे माझ्याकडे."

"तसं नाही..."

"मग कसं?" ट्रीनाने आईकडे पाहिलं. मग ट्रीना एकदम गोड आवाजात म्हणाली, "बरं, हिला जरा धर. मी केक घेऊन येते आत जाऊन." आणि तिने बाळ सेलिनाच्या हातात दिलं.

ती चर्चमध्ये गेलीच नाही. सरळ जाऊन नवऱ्याच्या गाडीत बसली, दार लावलं आणि गाडी उताराला लागली. केक आधीपासूनच तिच्या मांडीवर होता.

गारलँड आपल्या गाडीचं मागचं दार उघडून उभा होता. "बस," तो बहिणीला म्हणाला. हसू दाबताना त्याच्या मिशा थरथरत होत्या. "पोर दूध मागायच्या आत पोचायला हवं."

"तुझीच शिकवण ही."

"माझी नाही. तुझ्यावर गेलीय ती."

सेलिना बसली. दुसरं करणार काय?

खालचं घर म्हणजे सेलिनाच्या वडिलांचं, एलायचं घर. गावचा बाकी पसारा टेकडीवर चढत गेलेला, हे एकटं खाली पाण्याशी. गारलँड आणि सेलिना तिथेच वाढले. एलाय गेला तोही तिथेच. सेलिना शाळकरी होती. अशीच हिवाळ्यातली उधाणाची दुपार होती, आणि होडी वर ओढून बांधायला म्हणून तो खाली गेला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती बघत होती. त्याने दोर बांधला, वळला, खिडकीकडे बघून हात वर केला. मग लाट आली. ती मागे गेली तेव्हा खाली नुसते गोटे होते. लग्न होऊन सेलिना वरच्या आळीत राहायला गेली, आणि आईच्या मयतीनंतर तिने त्या घराचा उंबरा ओलांडला नाही. नवरा वारल्यावर एकटी झाली तरी नाही. गेल्या वर्षी ट्रीना आणि तिचा नवरा अल्बर्टाहून कायमचे परत आले, आणि गारलँडने भाचीच्या हातात त्या घराची किल्ली ठेवली. तेव्हा तर ती भावाशी ईस्टरपर्यंत बोललीच नव्हती.

आता ती त्याच घराच्या पडवीत उभी होती. कडेवर नात होती आणि मागून वारा ढकलत होता. जावई क्रेग दार धरून म्हणत होता, "या आई, या! मी म्हटलं नव्हतं, येतील म्हणून?"

क्रेग अल्बर्टाचा, गव्हाच्या मुलखातला. लग्न होईपर्यंत त्याने समुद्र पाहिलेलाच नव्हता, आणि आता तर तो त्याच्या प्रेमातच पडला होता. उन्हाळ्यात त्याने एक होडी घेतली, घराच्या भिंती पिवळ्याधमक रंगवल्या, आणि गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला हजार प्रश्न विचारून विचारून भंडावलं. त्याच्यावर रागवायचं म्हटलं तरी सेलिनाला ते जमत नसे.

आत खूप ऊब होती. भिंतींना नवा रंग होता, खिडक्यांना नवे पडदे होते, पण जमिनीच्या फळ्या त्याच होत्या. चुलीशेजारची फळी पायाखाली कुरकुरली आणि सेलिनाने पाय चटकन बाजूला घेतला. समुद्राकडच्या खिडकीला पाठ करून ती खुर्चीवर बसली. बाळाचं लोकरी टोपरं सोडण्यात तिने गरजेपेक्षा बराच जास्त वेळ घालवला.

व्हर्नाने मोठं पातेलं चुलीवर चढवलं होतं. खारवलेलं गोमांस, कोबी, सलगम, गाजर, बटाटे, आणि त्यातच फडक्यात बांधून सोडलेली वाटाण्याची डाळ. वासाने घर भरून गेलं.

"आईच्या हातचा वास येतोय की नाही?" गारलँड म्हणाला.

"आई एवढं मीठ घालत नव्हती," सेलिना म्हणाली.

"घालत होती," व्हर्ना डाव हलवत म्हणाली. "तुला तेव्हा लहानपणामुळे गोड लागायचं."

सेलिनाला हसू आलं. मग बोलणं सुरू झालं. पाद्रीबाबांचं बोट, बाळाचं नाक कोणासारखं, शेजारच्या बाईने घातलेली टोपी. सेलिनाही बोलत होती, पण तिचा एक कान खाली होता. घराखाली, काठाच्या उताराला, लाट मागे सरताना गोटे घरंगळायचे. तो आवाज लहानपणी झोपेतही तिच्या कानात असे. आधी खळखळ व्हायची, मग थोडी शांतता. आज मात्र मधली शांतता आखडत चालली होती. आणि खळखळीच्या जागी आता धप्प असा आवाज येत होता, कोणी खालून फळीवर खांदा मारावा तसा. कपाटातल्या बशा किणकिणल्या.

"ट्रीना, बाळाला गुंडाळ," सेलिना उठत म्हणाली. "आपण वर जाऊया माझ्याकडे."

"आत्ता? मामी वाढतेय, आई."

"पातेल्यासकट जाऊ."

"बघा, झालं सुरू," ट्रीना काटे मांडता मांडता थांबली. "मला माहीत होतं. येशील, घटकाभर बसशील आणि काहीतरी काढशील."

"सेलिना," गारलँड मधे पडला, "अगं, या घरात मी तुझ्याहून जास्त वर्षं काढलीत. याहून मोठी उधाणं बघितलीत त्याने. बाबांनी खडकात कड्या ठोकून लोखंडी दोराने बांधलंय त्याला. कुठे जातंय ते?"

"बघितलीत ना? तेव्हा घरासमोर अंगण होतं, गारलँड. कोबीचा वाफा होता, कपडे वाळत घालायची दोरी होती, त्याच्यापलीकडे कुंपण. आता पडवीतून पाय टाकला की गोटे. कुठे गेलं अंगण?"

गारलँडने बायकोकडे पाहिलं.

"अंगणाचं मात्र खरं बोलतेय ती," व्हर्ना म्हणाली.

"मामी, तू पण?"

"मी फक्त अंगणाबद्दल बोलले, बाई. मला भांडणात ओढू नका, माझं पातेलं उतू जातंय."

ट्रीनाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते लपवायला ती आणखी तावातावाने बोलू लागली. "अंगणाचं नाही आणि उधाणाचं नाही. तुला हे घरच नकोय. माझी मुलगी इथे वाढलेली तुला नकोय. एकदा सरळ सांगून टाक ना!"

"नकोय," सेलिना म्हणाली.

तेवढ्यात पडवीचं दार उघडून आपटल्याचा आवाज आला, आणि दाराखालून पाण्याची एक चपटी जीभ आत सरकली. ती आली तशी थांबली आणि फळ्यांवर शेवाळाची हिरवी चिंधी ठेवून मागे गेली.

व्हर्नाने डाव खाली ठेवला.

"क्रेग कुठाय?" सेलिनाने विचारलं.

ट्रीनाने आजूबाजूला पाहिलं. "आत्ता इथे होता. होडीला आणखी एक दोर मारून येतो म्हणत होता..."

तेव्हा कुठे सेलिना खिडकीकडे वळली. काचेवर खाऱ्या पाण्याचा बर्फ धरला होता. मध्ये तळहाताएवढी जागा मोकळी होती, आणि तिच्यातून क्रेगची लाल टोपी दिसली. खाली, होडीपाशी. तो गुडघ्यांवर बसून दोराची गाठ मारत होता, समुद्राकडे पाठ करून.

बाळ आपण कोणाच्या हातात दिलं, हे सेलिनाला नंतर कधीच आठवलं नाही. व्हर्ना म्हणे माझ्या, ट्रीना म्हणे माझ्या. ती बाहेर पडली तेव्हा अंगात कोट नव्हता आणि पायात चर्चचे बूट होते. वाऱ्याने तिला भिंतीवर आदळलं. भिंतीच्या कोपऱ्यापासून तो लोखंडी दोर खाली खडकातल्या कडीपर्यंत गेलेला होता, बोटभर जाड बर्फ चढलेला. त्याला धरून धरून ती खाली उतरली. हाका मारल्या, पण त्या तिच्या तिलाच ऐकू येईनात.

क्रेगने वर पाहिलं तेव्हा ती त्याच्या अगदी जवळ पोचली होती. सासूबाईंना तिथे बघून तो चक्क हसला. "झालंच आई, एवढी एक गाठ..."

"सोड ती."

"नवी आहे आई, अजून..."

"सोड म्हणते ना, गाढवा!"

तिने त्याची कॉलर पकडली आणि ओढलं. तो उठला, पण सवयीने दोराचं टोक हातातच राहिलं. सेलिनाने समुद्राकडे पाहिलं. बंदराच्या तोंडाशी पाणी फुटत नव्हतं. ते नुसतं उंच होत चाललं होतं, करडं, गुळगुळीत, आणि खडक त्याच्याखाली एकेक करून दिसेनासे होत होते. वर पोचायला वेळ नव्हता. तिने एका हाताचं कोपर लोखंडी दोराला अडकवलं आणि दुसऱ्या हाताने क्रेगचा कमरपट्टा धरला. "धर!" ती ओरडली. "हा धर, तो सोड!"

मग वरचं आभाळ गेलं.

पाणी इतकं गार होतं की ते गार आहे हेसुद्धा कळलं नाही. गोटे पायांवर आपटले. खांदा सांध्यातून निघतोय असं वाटलं. क्रेग तिच्या हातात जड झाला, मग हलका झाला, मग परत जड. सेलिनाच्या डोक्यात त्या वेळी ना देव होता, ना वडील. फक्त तो कातड्याचा पट्टा होता आणि चार बोटं. ती बोटं उघडायची नव्हती, एवढंच.

लाट मागे सरली तेव्हा दोघं दोराला लोंबत होती. होडी नव्हती. शेजारची जाळ्यांची खोपीही नव्हती. क्रेगची लाल टोपी गेली होती, आणि तो आश्चर्य वाटल्यासारखा आपल्या रिकाम्या हाताकडे बघत होता. वरून गारलँड घसरत घसरत येत होता, कंबरेला कपड्यांची दोरी बांधून. दोरीचं दुसरं टोक व्हर्नाने चुलीच्या पायाला बांधलं होतं. नवऱ्याच्या वजनाचा तिला अंदाज होता, म्हणून स्वतःच्या हातावर तिने भरवसा ठेवला नव्हता.

"पुढची यायच्या आत!" गारलँड ओरडला. एका काखेत बहीण आणि एका काखेत जावई असं त्याने दोघांना वर घरात ओढलं.

डोंगराकडच्या न्हाणीच्या खिडकीतून सगळे बाहेर पडले. पुढे ट्रीना, बाळ कोटाच्या आत. मग थंडीने कुडकुडणारा क्रेग. मग सेलिना. सगळ्यात शेवटी व्हर्ना, आणि तिच्या हातात फडक्याने धरलेलं पातेलं.

"टाक ते!" गारलँड म्हणाला.

"का म्हणून? सकाळपासून राबलेय मी."

मागे मोठा कडाडा झाला. पडवी उखडून गेली होती.

सेलिनाच्या स्वयंपाकघरात चूल ढणढणत होती. क्रेगला सेलिनाच्या नवऱ्याची जुनी लोकरी विजार दिली होती, ती घोट्यांच्या बरीच वर संपत होती. त्याचे दात वाजायचे थांबले तशी त्याला कंठ फुटला.

"आई, ती होडी..."

"होडीचं नाव काढशील तर परत खाली टाकून येईन तुला," सेलिना म्हणाली. तिच्या खांद्याला व्हर्नाने गरम मिठाची पुरचुंडी बांधली होती. क्रेगने मान खाली घातली. मग उठून आला आणि सासूच्या डोक्यावर त्याने ओठ टेकवले. सेलिनाने त्याला ढकललं, पण हळूच.

"जेव आता. मीठ जास्त आहे, पण जेव."

"ऐकलं मी," व्हर्ना म्हणाली.

बाळ टेबलाखाली धुतलेल्या कपड्यांच्या टोपलीत गाढ झोपलं होतं. ट्रीना मात्र जेवत नव्हती. ती खिडकीशी उभी होती. इथून सगळं खाली दिसायचं. भरती उतरायला लागली होती तरी पाणी घराभोवती वळसे घालत होतं. घराखालचे पुढचे खांब निखळले होते. घर पुढच्या गुडघ्यांवर बसलं होतं, गाय बसताना बसते तसं. एका बाजूचा लोखंडी दोर तुटून लोंबत होता. दुसऱ्याने मात्र धरून ठेवलं होतं. पिवळा रंग एवढ्या लांबूनही दिसत होता.

"तुझंच खरं झालं, आई," ट्रीना म्हणाली. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "रात्रीच्या भरतीत जाईल. जाऊ दे. क्रेगची जुनी नोकरी आहेच तिकडे. बोलवतात ते अजून."

गारलँडने काटा खाली ठेवला. व्हर्नाने क्रेगकडे पाहिलं, क्रेगने ट्रीनाकडे. सेलिना उठून मुलीच्या शेजारी जाऊन उभी राहिली. इतकी वर्षं तिने मनातल्या मनात कितीदा म्हटलं होतं, न्यावं एकदाचं समुद्राने ते घर. आता नेत होता, आणि तिला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

"गारलँड," ती म्हणाली, "माझ्या बटाट्याच्या वाफ्यात मावेल का रे?"

"काय मावेल?"

"घर."

व्हर्नाच्या हातातली बशी टेबलावर आपटली. गारलँड उठून खिडकीशी आला. त्याने खालचं घर पाहिलं, मग बाजूचा वाफा पाहिला, मग डोळे बारीक करून दोन्हींच्या मधला चढ पाहिला. "कुंपण काढावं लागेल," तो हळूच म्हणाला. "मावेल. पण तुझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर येईल ते, सेलिना. दारातून दार दिसेल."

"आई, तुला ते डोळ्यासमोर नको असायचं," ट्रीना म्हणाली. "तू स्वतःच सांगितलंस. मघाशी."

"मघाशी सांगितलं. मग काय, तू अल्बर्टाला जाणार? मी इथे बसून तुमच्या फोनची वाट बघू? मला माझी नात हवीय. तिच्यापाठोपाठ घर येत असेल तर येऊ दे."

"आणि मी?" क्रेगने विचारलं.

"तू पण. पण होडीशिवाय."

ट्रीना हसली आणि लगेच रडली, आणि मग बराच वेळ आईच्या दुखऱ्या खांद्यावरच रडली. सेलिनाने ओठ दाबून सोसलं. तोवर गारलँडने टोपी घातली होती. रात्रीची भरती यायच्या आत आणखी चार दोर मारायचे तर आत्ताच माणसं गोळा करायला हवी होती. त्याला ती फार शोधावी लागली नाहीत. निम्मा गाव आधीच खाली दोर घेऊन उभा होता.

घर रात्रभर टिकलं.

पुढच्या रविवारी कडाक्याची थंडी पडली, वारा पार मेला आणि बर्फ दगडासारखा टणक झाला. घराखाली ओंडके सरकवले, पुढे दोन जाड दोर बांधले, मागून घर घसरू नये म्हणून पंचायतीचं बर्फ लोटायचं यंत्र टेकवून ठेवलं. पाद्रीबाबांनी त्या दिवशी उपदेश आटोपता घेतला आणि झगा काढून थेट दोरावर आले. म्हातारे, पोरं, बायका, सगळ्यांनी हात लावला. गारलँड घराच्या बाजूने उलटा चालत हाळी देत होता आणि प्रत्येक हाळीला सगळे मिळून जोर लावत होते. घर हललं, कण्हलं, ओंडक्यांवर चढलं. पिवळ्या भिंती गावच्या रस्त्याने डुलत डुलत वर यायला लागल्या तेव्हा कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली.

सेलिनाला डॉक्टरांनी हात झोळीत ठेवायला सांगितलं होतं. तिने तो ठेवला, आणि दुसऱ्या हाताने क्रेगच्या पुढे उभी राहून दोर धरला.

"आई, तुम्ही नका," क्रेग म्हणाला.

"तू ओढ. बोलू नकोस, दम जातो."

शेवटच्या चढावर घर अडलं. गारलँड हाळी देऊन देऊन घोगरा झाला तरी ते हलेना. लोक वाफाळत उभे राहिले. कोणी म्हणे उद्या बघू, कोणी म्हणे दुसरीकडून फिरवू. मग व्हर्ना दोराच्या टोकापासून ओरडली, "अरे, माझ्या चुलीवर सूप तापलंय, पण हे वर पोचल्याशिवाय कोणाला थेंब मिळायचा नाही!" हशा उसळला. त्या हशातच गारलँडने हाळी दिली, आणि घर एकदम सुटल्यासारखं पुढे आलं, चढ चढलं आणि वाफ्यात जाऊन थांबलं.

संध्याकाळ व्हायच्या आत खाली दगडांच्या चवडी रचून झाल्या. धुराडं सरळ केलं, गारलँडने चूल पेटवली आणि धूर नीट वर गेला. लोक सूप पिऊन पांगले. ट्रीना आपल्या नव्या जुन्या दारात उभी राहिली, बाळ कडेवर. समोर, कुंपण होतं तिथे, सेलिना दोर गुंडाळत होती.

"आई," ट्रीनाने आवाज मोठा न करताच विचारलं; मोठा करायची गरजच नव्हती, "चहा कुठे घ्यायचा? तुझ्याकडे की माझ्याकडे?"

सेलिनाने दोर खाली ठेवला. आपल्या घराकडे पाहिलं. सकाळपासून तिथे कोणी नव्हतं, धुराडं गार पडलं होतं.

"तुझ्याकडे," ती म्हणाली. "पण दूध मी आणते. तुझ्या मामीने सगळं सुपात घातलं असेल."